बांगडा खोल गेला

काल सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर रापण ओढली, तर जाळ्यात नुसतं शेवाळ. हे गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "पाणी कसं कोमट लागतंय बघ. बांगडा गारव्याला खोल गेला." मला त्या बांगड्याचा हेवा वाटला. सोसेना तसा निघाला, कुणाला विचारलं नाही.

तेवढ्या खोल पाण्यात मोठ्या लाँचीच जातात. माझी धाकटी बहीण तशाच एका लाँचवाल्याच्या घरात दिलीय. संध्याकाळी ती पिशवीभर बांगडे घेऊन आली. "ताई, ठेव गो. आम्ही खाऊन खाऊन कंटाळलो."

कंटाळलो म्हणे! मी हसले आणि खाली मान घालून मासे साफ करत राहिले. रापणीच्या दोरीला हात लावला की म्हातारीलासुद्धा तिचा वाटा मिळतो, मागावा लागत नाही. हे बांगडे मात्र दिलेले होते. आमच्याच किनाऱ्याला येणारा मासा, आता ती देणार आणि मी घेणार.

जेवताना हे म्हणाले, "झकास आहेत गो." मीही दोन खाल्ले. फार चवदार होते, त्याचाच जास्त राग आला.