तन्वी ठाकुर्लीला आलीच नव्हती

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. लिंबातून रक्त कसं काढतात ते दरवर्षी सातवीच्या वर्गात करून दाखवते, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची यथेच्छ टर उडवते. त्यामुळे हे लिहायला बसणं माझं मलाच पटत नाहीये. पण नातेवाइकांत ही गोष्ट वाटेल तशी फिरतेय आणि माझं डोकं सटकलंय, म्हणून लिहितेय.

आम्ही ठाकुर्ली पूर्वेला राहतो, चौथ्या मजल्यावर. माझा मुलगा निहार पाचवीत आहे. त्याला एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही. सगळ्या तपासण्या करून डॉक्टरांनी त्याला रोज सकाळची एक गोळी दिलीय. ती सुरू केली तेव्हा माझी नणंद सुजाता — राहायला ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागे — मला म्हणाली होती, "वहिनी, पोराला डोक्याच्या गोळ्या काय देतेस? वेडं करशील त्याला."

तीच सुजाता गेल्या वर्षी गोळ्या मागायला लागली. तिची तन्वी बारावीला, वर मेडिकलची एन्ट्रन्स. क्लासच्या आयांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की या गोळीने मुलं जागून जागून अभ्यास करतात. झालं. "दे ना थोड्या, तुझ्याकडे आहेतच." विरजण मागावं तसं! मी नाही म्हटलं, आणि का नाही तेही समजावलं. निहारचं वजन, बीपी, हृदय सगळं बघून डोस ठरलाय, तन्वीचं कोणी काय बघितलंय? तिने तोंड वाकडं केलं. पुढे आमच्याकडे सत्यनारायण होता. शिऱ्याला मदत करते म्हणून ती स्वयंपाकघरात शिरली, आणि गोळ्यांचा डबा तिथेच वरच्या फळीवर... हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की स्ट्रिप्स कमी आहेत. मी बिचाऱ्या केमिस्टशी भांडून आले.

आता ती दुपार. निहार शाळेत होता, मी नुकती जेवून उठले होते. बेल वाजली. दारात तन्वी. अंगात घरातला टी-शर्ट, केस पिंजारलेले, पायात चप्पल नाही. दात करकरा खात होती.

"मामी, थांबतच नाहीये गं," एवढंच म्हणाली आणि छातीवर हात ठेवला.

मी तिला आत घेतलं, दाराला आतून कडी घातली, निहारच्या पलंगावर बसवलं. तिचा हात गार पडला होता. सरबत करता करता मी सुजाताला फोन लावला, तोंडाला येईल ते बोलायच्या तयारीनेच.

"पोरगी अनवाणी इथपर्यंत आली, तुझं लक्ष कुठे असतं गं?"

"कोण, तन्वी? काहीतरीच काय वहिनी. ती आत अभ्यास करतेय. दार लावून घेतलंय, हाक मारू नका म्हणालीय."

"अगं, माझ्या घरात बसलीये ती."

ग्लास घेऊन बाहेर आले तर पलंगावर कोणी नाही. बाथरूममध्ये नाही, बाल्कनीत नाही. दाराची कडी आतून तशीच. का ते माहीत नाही, पण मी फोनवर ओरडले, "सुजाता, दार तोड. आत्ताच्या आत्ता."

शेजाऱ्यांनी दार तोडलं. तन्वी जमिनीवर पडली होती, तिला झटके येत होते.

मी ठाण्याला हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा डॉक्टर सुजाताला विचारत होते, हिने काही घेतलंय का, कुठली गोळी, काहीही? आणि ही बाई म्हणते, "नाही हो डॉक्टर. कॉफी पिते फक्त." मग तिने मला पाहिलं आणि नजर चुकवली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी डॉक्टरांना गोळीचं नाव, डोस, सगळं सांगितलं. किती दिल्यास, म्हणून तिला तिथेच विचारलं. एकीने भागेना म्हणून दोन, मग तीन, वर एनर्जी ड्रिंक. "सगळेच देतात गं," म्हणाली. पोटची पोर आत मरणाशी झुंजतेय आणि हिला काळजी लोक काय म्हणतील याची. तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. अजूनही वाटते.

तन्वी वाचली, थोडक्यात. आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत त्या दुपारी ती कुठेच नाही. शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, तुला डुलकी लागली असेल. झोपेत कोणी फोन लावून नणंदेशी भांडतं का?

पण खरा संताप पुढेच आहे. सुजाताने तन्वीची दृष्ट काढली, नारळ उतरवला, आणि आता सगळ्यांना सांगत सुटलीय, "बाहेरचं होतं. आमच्या वहिनीने डोळ्यांनी बघितलं, ती तर सायन्सची टीचर." म्हणजे साक्षीदार मी, आणि गोळ्यांचं नावसुद्धा नाही.

परवा तन्वीचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती. "मामी, आईने परत आणल्यात. क्लासमधल्या कुणाकडून तरी. म्हणते, आता घे, नारळ उतरवलाय, आता काही होणार नाही."

मी तडक खोपटला गेले आणि तिला घेऊन आले. सुजाता जिन्यापर्यंत शिव्या घालत आली, घालू दे. आत्ता हे लिहितेय तेव्हा पोरगी आत गाढ झोपलीय.

त्या दुपारी माझ्या दारात कोण आलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. तन्वी जमिनीवर का पडली होती ते मात्र मला पक्कं माहीत आहे, आणि तिच्या आईलाही.