चार पिवळी बटणं
हळकुंडं कुटल्याचा वास आला की मला अजून ते जाड पुस्तक आठवतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी सांगलीत हळदीच्या अडतीवर कॉम्प्युटर चालवायचो. मालक जुन्या वळणाचे, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारे. पासवर्डही कुणाला सांगायचे नाहीत. रोज सौद्यावरून आले की स्वतः टाकायचे आणि मग खुर्ची मला द्यायचे. तरी कॉम्प्युटरमधले आमचे भाव बाहेर फुटू लागले. त्यांनी म्हाताऱ्या दिवाणजींवर संशय घेतला. "आवं मालक, मला त्यातलं एक बटणबी कळत न्हाई," एवढंच दिवाणजी म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. मग मालकांनी मला कॉम्प्युटर कसा जपायचा यावरचं चांगलं पुस्तक आणायला पाठवलं. पुस्तकांच्या दुकानात दोनच होती, एक बारीक, साध्या सूचनांचं, आणि दुसरं नेटवर्कच्या सुरक्षेवरचं, इंग्रजी, विटेएवढं. मी वीट उचलली. महिनाभर डिक्शनरी घेऊन वाचली, डोळे चुरचुरले, पण डोक्यात काही शिरलं नाही. शेवटी कंटाळून बारीक पुस्तक आणलं. त्यात पहिल्याच पानावर होतं, कीबोर्ड पुसत जा. फडकं घेऊन वाकलो तर चारच बटणं हळदीनं पिवळी झालेली. अक्षरं जुळवली तर मालकांच्या लेकीचं नाव. तोच पासवर्ड. अडतीवर येणाऱ्या कुणालाही तो वाचता आला असता. मालक आपल्या बोटांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पूस ते." मी पुसलं. दिवाणजींना बोलवायला मात्र कुणी गेलं नाही, मीही नाही. आज फोन उघडताना मी आधी बोटं पुसतो. ती स्वच्छच असतात.