परतीच्या फेरीतले बांगडे

माझ्या ट्रकला माशांचा वास यायचा, असं कोणी म्हटलं की मी आजही बाह्या वर सारतो. ट्रक भंगारात जाऊन कितीतरी पावसाळे झाले, तरी सारतो. वास येत नव्हता. निदान मालवणच्या बाजारात तो कोणाला आला नव्हता, आणि माशांच्या बाबतीत आमच्या नाकांपेक्षा अनुभवी नाकं दुसरीकडे कुठे मिळणार?

साठ सालानंतरची गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा अजून जन्माला यायचा होता, आम्ही रत्नागिरीवाले म्हणवून घ्यायचो. माझा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याच्या कमाईतून जुना ट्रक आला, तो अर्धा माझा आणि अर्धा वहिनीचा. चाक माझ्या हातात असायचं आणि मी वहिनीच्या.

कोल्हापूरच्या एका घाऊक कंपनीचा चहा, साबण, बिस्किटं आणि काडेपेट्या मालवणच्या दुकानांत पोचवायचं काम माझ्याकडे होतं. माल आणायला वर जायचं, तर रिकामा ट्रक फोंडा घाट चढवणं म्हणजे डिझेल जाळून हवा वाहून नेणं. म्हणून वर जाताना मी वहिनीचे आणि किनाऱ्यावरच्या इतर बायकांचे सुके बांगडे नि सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, न्यायचो. कोल्हापुरात त्यांना चांगलं गिऱ्हाईक होतं. वर जाताना मासे, खाली येताना चहा. या दोन भाड्यांवर ट्रक चालायचा. त्यातलं एक सुटलं की दुसरं लंगडं.

एकदा कंपनीचे मॅनेजर माझ्याच ट्रकमधून दुकानांच्या भेटीला आले. परीटघडीचे कपडे, खिशात दोन पेनं. बाजारातल्या मोठ्या दुकानदाराने त्यांच्याच पेटीतला चहा फोडून त्यांना कप दिला. साहेबांनी एक घोट घेतला आणि कप असा खाली ठेवला की जणू त्यात झुरळ पोहतंय.

"चहाला माशाचा वास येतोय," ते म्हणाले.

दुकानदाराने कप हुंगला. मग त्याच्या भावाने हुंगला. नारळ घ्यायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही हुंगला आणि एकाने पिऊन टाकला.

"खंय येता?" पिणारा म्हणाला. "बरो आसा की चाय!"

साहेबांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. समुद्रात राहणाऱ्यांना पाणी ओलं लागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते माझ्याकडे वळले. "हे बघा, परतीला मासे न्यायचं बंद करा. नाहीतर कंपनी स्वतःचा ट्रक घेईल. आत्ताच सांगा."

माझ्यापुढे सरळ मार्ग होता. हो म्हणायचं, रिकामा ट्रक वर न्यायचा आणि बायकांचे बांगडे किनाऱ्यावर सडू द्यायचे. पण मी दशावतारात राजाची कामं केलेला माणूस. भर दुकानात कोणी अट घातली की माझ्या अंगात मुकुट शिरतो. मी चपला काढल्या, हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!" दुकानातले सगळे एका सुरात. आमच्याकडे गाऱ्हाण्याला ओ द्यायला कोणाला शिकवावं लागत नाही.

"आज ह्यो जो कोल्लापूरचो सायब आमच्या बाजारात इलो हा..."

"व्हय महाराजा!"

"तेच्या नाकात जी काय अडचण शिरली आसात, ती दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि ह्या लेकरान आजवर जशी गाडी चालवल्यान, वर मासे नि खाली चाय, तशीच तेच्या हातसून चालवून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

देव काय म्हणाला ठाऊक नाही. साहेब एस.टी.ने परत गेले.

पंधरवड्यात कंपनीचा ट्रक बाजारात उभा राहिला. नवाकोरा, निळा, मागे मोठ्या अक्षरांत 'फक्त कंपनीच्या मालासाठी'. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा, मिशीवाला, भला माणूस. माल उतरवायचा, जेवायचा आणि रिकामा ट्रक घेऊन घाटाला लागायचा. मी मासे वर नेत होतो, पण खाली येताना कधी कांदे, कधी गूळ, कधी कोणाच्या लग्नाची भांडी. एकदा तर चार शेळ्या आणल्या. वास कशाला म्हणतात ते तेव्हा मलाही कळलं. असं फार दिवस चालणार नव्हतं. ट्रक विकावा लागेल, असं मी भावाला कळवायच्या बेतात होतो.

आणि एका दुपारी घरी येतो तो काय, कंपनीचा ड्रायव्हर आमच्या ओटीवर पाटावर बसलेला! पुढ्यात भात, सोलकढी आणि सुक्या बांगड्याची किसमूर. भाजलेला बांगडा कुस्करून ओला नारळ, कांदा आणि मिरची घालून केलेली. वहिनी त्याला वाढत होती.

मी तिला आत बोलावलं. "वयनी, वैऱ्याक जेवक घालतंस?"

"भावजीनू, गाडी कंपनीची. पोट तेचा."

"पण कित्याक?"

"खाणावळीत तेका बटाट्याची भाजी देतत. माका बघवणा नाय."

ड्रायव्हर बोटं चाटत म्हणाला, "वैनी, ह्ये आमच्या म्हातारीला न्हेऊ का थोडं?"

"नेवा की. पुडी बांधून देतंय."

पुढच्या फेरीला पुडीची पिशवी झाली, कारण म्हातारीच्या शेजारणींनाही चव कळली. मग सीटमागे एक गोणी. मग त्याच्या मेव्हण्याने कोल्हापुरात मासे विकायलाच घेतले, आणि निळ्या ट्रकच्या रिकाम्या हौद्यात ताडपत्रीखाली बायकांच्या पाट्यांवर पाट्या चढू लागल्या. वहिनीच्याही! मी माझ्या अर्ध्या ट्रकात बसून बघत होतो, आणि माझी अर्धी मालकीण दुसऱ्याच्या ट्रकात बांगडे भरत होती.

"वयनी, आता माका वरचाही भाडा नाय!"

"जरा दम धरा," ती म्हणाली. "सायब एकदा येवंदेत."

साहेब आले. अर्थातच कंपनीच्या ट्रकमधून, पुढच्या सीटवर. बाजारात उतरले तेव्हा नाकावर रुमाल होता आणि ड्रायव्हर मान खाली घालून मागे उभा होता. घाटाच्या वळणांवर हौद्यात मुरलेला वास पुढच्या सीटपर्यंत आला आणि सगळं उघडकीस आलं होतं. साहेबांनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो, बरोबर वहिनीही आली. पदर खोचून, कोणी न बोलावता.

मी आधी निळ्या ट्रकच्या हौद्यात चढलो. चारी कोपरे हुंगले, डोळे मिटून, वैद्य नाडी बघतो तसे. खाली उतरलो आणि जाहीर केलं, "कसलोच वास येणा नाय."

बाजार हसला. साहेब हसले नाहीत. "बास करा," ते म्हणाले. "हा ट्रक मी घाटावरच्या दुकानांना लावतो. इथलं काम तुम्ही घ्या. मासे न्या, काय वाटेल ते न्या. फक्त आमच्या पेट्यांना खाली-वर ताडपत्री घाला."

मी हो म्हणणार होतो. वहिनी पुढे झाली. ऑफिसातल्या माणसांशी ती मोजकी, शुद्ध मराठी बोलायची. "साहेब, त्या ड्रायव्हरला काढणार?"

"काढायलाच हवं. कंपनीच्या ट्रकात परका माल..."

"मग आम्हाला तुमचं काम नको."

इतक्या दिवसांनी दारात आलेलं भाडं ती पायाने लोटत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"तुमचा ट्रक रिकामा जात होता," ती म्हणाली. "त्याने तो भरला. यात चूक कोणाची ते तुम्ही ठरवा. पण त्याला काढलंत, तर मालवणात तुमची पेटी वाहायला दुसरा ट्रक शोधा. अर्धा ट्रक माझा आहे. माझा अर्धा हलणार नाही."

मी घसा साफ केला. "माझोही नाय," म्हणालो.

साहेबांनी नाकावरचा रुमाल काढून घडी घालून खिशात टाकला. मग ड्रायव्हरला म्हणाले, "जा, माल उतरवून घे." एवढंच. ड्रायव्हर उड्या मारत गेला, आणि पुढेही घाटावर त्याच निळ्या ट्रकवर राहिला.

मोठ्या दुकानदाराने सगळ्यांना दुकानात बसवून पुन्हा चहा आणला, नव्या पेटीतला, निळ्या ट्रकमधून आलेला. साहेबांनी कप तोंडाला लावला. आम्ही सगळे टक लावून बसलेलो. ते एक घोट प्यायले, दुसरा प्यायले, आणि कप रिकामा करून बशीत उपडा ठेवला.

"वास?" मी विचारलं.

"कसला वास?" साहेब म्हणाले.

तांदळाच्या पोत्यांमागून एकदम आवाज आला, "व्हय महाराजा!"