कुंडीखालचा पांगुळगाडा

माझे सासरे केरबा मुखेडात एक पांगुळगाडा बाळगून आहेत. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याची हौस असेल. हौस कसली, तो आमच्या डोक्याला ताप आहे.

गाडा त्यांनी स्वतःच्या हातानं बाभळीच्या लाकडाचा केला. आनंदराज, म्हणजे माझा नवरा, तेव्हा रांगत होता. तीन चाकं, उभ्या लेकराच्या हाताला येईल अशी दांडी, आणि चाकावर खटखट वाजणारी एक पट्टी. आई चुलीपाशी असली तरी पोर कुठवर गेलं ते तिला ऐकू यावं म्हणून. दांडीवर आधी आनंदराजचे दात उमटले, मग गल्लीतल्या निम्म्या पोरांचे. गाडा कुणीही फुकट न्यावा. पण मूल चालायला लागलं की त्याच मुलानं तो ढकलत दारात आणून द्यावा, हा मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कायदा. आईबापानं उचलून आणलेला गाडा ते परत घेत नाहीत.

"अजून एक करा की मामा," मी एकदा म्हटलं.

"दोन केले की एक माळ्यावर जातो," म्हणाले आणि उठून गेले.

आमची महामाया चौदा महिन्यांची झाली तरी पाऊल टाकेना. लातूरच्या ऑफिसात फायली चाळताना माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आनंदराजनं प्लास्टिकचा वॉकर आणला, दिवे लागणारा, गाणी म्हणणारा. बाईसाहेब त्यात बसून आरामात गाणी ऐकायच्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. इथं सासरा स्वतःच गाडा घेऊन एसटीतून आला, तोही कंडक्टरशी भांडून.

"बसवायची गाडी हाय का ही? हुभं करा पोरीला!"

माझ्याच घरात मला हुकूम. फरशीवर खटखट सुरू झाली तसे खालच्या मजल्यावरचे दत्तोपंत तक्रार घेऊन वर आले, तर मामांनी त्यांनाच खाली बसवून चाकं, पट्टी सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी महामाया चालली ती फ्रिजचा दरवाजा धरून. तरी आनंदराज श्रेय वॉकरला देतो, मामा गाड्याला. रात्रंदिवस तिच्यामागे वाकून जिची कंबर मोडली तिला कुणी विचारत नाही.

वॉकर माळ्यावर गेला. गाडा मात्र मी पुसून हॉलमध्ये ठेवला, त्यावर मनीप्लांटची कुंडी. पाहुणे विचारायचे, "किती छान! कुठून घेतलंत?" खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

मग फोन सुरू झाले. रोज सकाळी, नेमकी मी डबे भरत असताना.

"गाडा कवा येतो?"

"रजा मिळाली की येते, मामा."

"शेजारच्या सिद्धम्माचा नातू वाट बघून राहिला. लेकराला गाडा पायजे."

"चालेल हो तो आपला आपण. आमची नाही का चालली?"

त्यात आनंदराजनं भाबडेपणानं त्यांना गाड्याचा फोटो पाठवला, कुंडीसकट. त्या दिवसापासून फोनवर पहिलं वाक्य एकच, "झाड चालाया लागलं का?" आणि मग पुन्हा सिद्धम्माचा नातू. दोन महिने ऐकलं. शेवटी हात टेकले, रजा टाकली, पोरीला आणि गाड्याला घेऊन एसटीत बसले.

मुखेडच्या स्टँडपासून घर जवळ आहे, पण कायदा म्हणजे कायदा. महामाया दहा पावलं ढकलायची, फतकल मारायची, शेळीशी गप्पा मारायची. ऊन रणरणत होतं. ओट्याओट्यावरून बाया मला अक्कल शिकवत होत्या. मामा लांब दारात उभे, पुढं येतील तर शपथ. घ्या तुमचा गाडा, पुन्हा आमच्या दारात आणू नका, असं ठणकावून सांगायचं मी ठरवून टाकलं.

दारात पोचले. शेजारच्या ओट्यावर सिद्धम्मा बसली होती, मांडीला टेकलेला नातू. मला वाटलं होतं रांगतं बाळ असेल. पोरगा चांगला तीन वर्षांचा होता.

"दिवाळीत ताप आला अन् पायातली ताकदच गेली बघ," सिद्धम्मा म्हणाली. "डाक्टर म्हणले, धरून चालवा. रोज इचारतो, गाडा आला का."

मामांनी गाडा उलटा केला, खुंट्या ठोकून दातांच्या खुणांची दांडी काढली आणि आतून नवी, उंच दांडी आणली. ती घासून, तेल पाजून कधीची तयार होती. बसवली, पोराला उभं केलं. पोरानं दांडी घट्ट धरली. बऱ्याच वेळानं एकदा खट वाजलं.

जुनी दांडी मामांनी माझ्या हातात दिली. "न्हे. झाडाला आधार व्हईल."

मला रडूच फुटलं, आणि रागही आला. "मामा, पोराचं असं आहे हे मला सांगायचं नाही का?"

"सांगत व्हतो की रोज," ते पोराच्या पायांवरची नजर न काढता म्हणाले. "लेकराला गाडा पायजे म्हणून."