एकुलता एक चाहता

यंत्रमागाचे, म्हणजे लूमचे, सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी घरी बसून ब्लॉग लिहितो. नवा लेख आला की सबस्क्रायबरना ईमेल जातो. कुठल्या गावात तो कोणी कधी उघडला ते मला दिसतं, आणि बहुतेक जण उघडतही नाहीत. लांबलचक कोणी वाचत नाही म्हणून मी लेख छाटत गेलो.

परवा भिवंडीतल्या कामतघरहून शेअर रिक्षात बसलो, तर शेजारचा माणूस मोबाइलवर माझाच ताजा लेख वाचत होता. पन्नाशीचा असेल. भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत, तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत होता. मला भरून आलं.

"आवडतं वाटतं, काका?"

"आवडायचं काय त्यात? मी लूम दुरुस्त करतो. आमचे कामगार हे बघून करायला जातात, म्हणून आधी मी वाचतो. यातलं काय करायचं न्हाय, ते शिफ्टला सांगतो." त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "पट्टा ढिला हाय का, हातानं दाबून बघा म्हणतो. आधी लूम बंद करा, हे लिहिलंच न्हाय. हात जाईल ना माणसाचा."

ते वाक्य मी लिहिलं होतं. लेख आटोपशीर व्हावा म्हणून मीच काढून टाकलं होतं.

"लिहिणाऱ्यानं लूम कधी बघितलाच न्हाय," असं म्हणून तो टेमघरला उतरला.

भिवंडीत माझा प्रत्येक लेख आल्या आल्या उघडणारा एकच वाचक आहे. माझा चाहता म्हणून मी वर्षभर कंपनीच्या मालकांना त्याचंच कौतुक सांगत होतो.