पाणगाडीला केलेला नमस्कार

लातूरला रेल्वेने पाणी आणलं त्या उन्हाळ्यात मी उदगीरला होतो. नांदेडहून निघणाऱ्या एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी म्हणून माझ्याकडे रोजचे दोन विषय होते, पाणी आणि नवा जिल्हा. टँकर कुठे पोहोचला आणि कुठे नाही, ही बातमी रोज जाई. उदगीर जिल्हा झाल्याची बातमीही लिहून तयार होती, फक्त तारीख घालायची राहिली होती. नांदेडच्या डेस्कवर ती जपून ठेवलेली असे आणि दर स्वातंत्र्यदिनाच्या आधी कुणीतरी ती काढून वाचून पाही.

त्या मे महिन्यात मात्र माझी वही सगळ्यात जास्त भरली ती एका गाडीने.

गावाच्या टोकाला एका ट्रस्टचा दवाखाना होता. जळकोट, मुखेड, देगलूर या बाजूंची माणसं एसटीने नाहीतर जीपने तिथे येत. दवाखान्याची बोअर आटली होती. टँकर फाटकाजवळच्या हौदात पाणी सोडून जाई आणि तिथून शेवटच्या वॉर्डापर्यंत ते कॅनमधून न्यावं लागे. मधे एक लांब, सरळ व्हरांडा होता. पाणी नेण्याचं काम वॉर्डातल्या एका मावशीकडे होतं. तिचं वय पन्नाशीच्या पुढे होतं आणि दोन्ही गुडघे गेले होते. दोन हातांत दोन कॅन घेऊन ती निघे, प्रत्येक खांबाशी थांबे आणि कॅन खाली ठेवून कमरेवर हात देई.

ट्रस्टचे अध्यक्ष डाळीचे व्यापारी होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून ते रोज अकराच्या सुमारास येत आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून कारभार बघत. नवा जिल्हा झाला की हाच जिल्ह्याचा दवाखाना होणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मावशीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की पाणी ओढणं जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बघावी लागेल. त्यात दुष्टपणा नव्हता. पाण्यावाचून वॉर्ड चालत नव्हता. पण मावशीला दुसरं कामही नव्हतं, दुसरं घरही नव्हतं. दवाखान्यामागच्या खोलीत ती राहत होती. काम गेलं असतं तर खोलीही गेली असती.

आमची तिची ओळख टायफॉइडमुळे झाली. माझी बायको आदल्या हिवाळ्यात आठ दिवस त्या वॉर्डात होती आणि तिला पाणी आणून पाजणारी हीच मावशी. बायको गावातल्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. मेमध्ये सुट्टी लागली तेव्हा तिने आप्पांकडून एक मोडकी स्ट्रेचरगाडी मागून घेतली. तिला वायपरच्या दोन मोटारी, सायकलच्या साखळ्या आणि खाली बॅटऱ्या बसवल्या. वर चार कॅनची जागा केली. फाटकावरचा वॉचमन ते भरून देणार होता आणि वॉर्डात मावशी उतरवून घेणार होती. हौद ते वॉर्ड आणि परत, अशी ती आपली आपण जाणार होती. चालणाऱ्या माणसापेक्षा तिचा वेग कमी होता.

वाट तिला भिंतीवरून कळे. बाजूला एक यंत्र होतं. ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडी आणि तो भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून भिंत किती लांब आहे ते ठरवी. अशीच दोन यंत्रं पुढे होती. समोर माणूस उभा असला की गाडी आधीच थांबे. पण या आवाजाला दोन गोष्टी नीट कळत नसत, खाली जमिनीसरशी पसरलेले पाय आणि जाड मऊ कापड. आणि दवाखान्याचा व्हरांडा म्हणजे पाय आणि कापडच असतं. पेशंटची माणसं भिंतीला टेकून, पाय लांब करून, शालीवर नाहीतर घोंगडीवर बसलेली असत.

म्हणून पुढच्या बाजूला खाली एक ॲल्युमिनियमची पट्टी होती, पट्टीमागे स्पंज आणि स्पंजामागे चार बारीक स्विच. पट्टीला काहीही टेकलं की मोटारी बंद होत. गाडी वीतभर मागे येई, पाच सेकंद थांबे आणि बाजूने जागा असली तर वळसा घालून पुढे जाई. मिनिटाच्या आत तीनदा धक्का लागला तर ती स्वतःला कुलूप लावून घेई आणि भोंगा वाजवी. मग किल्ली फिरवल्याशिवाय ती हलत नसे. तीन धक्के म्हणजे समोर काहीतरी आपल्याला न कळणारं आहे, आता माणसाने यावं, असा त्याचा अर्थ. आणखी एक सोय होती. चाक अडकलं आणि मोटार नेहमीपेक्षा जास्त वीज ओढायला लागली, तरी गाडी जागच्या जागी थांबून भोंगा देई.

आप्पांनी विचारलं की ही कुणाला धडकणार तर नाही. बायकोने खोटं सांगितलं नाही.

"धडकणार, आप्पा. धडकल्यावर ती कशी वागते, ते आपल्या हातात आहे."

आप्पांनी आठ दिवस दिले. कुणाला लागलं तर गाडी बाहेर, आणि सारखी बोंबलत बसली तरी बाहेर. मावशीचं काय करायचं तेही आठ दिवसांनीच ठरणार होतं. किल्ली मावशीकडे दिली गेली. ती तिने पदराच्या टोकाला बांधली आणि गाडीभोवती एक फेरी मारून पाहिलं.

"खातं काय ह्ये?"

बायको म्हणाली, रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायची.

"म्हंजी माझ्यापरीस कमीच हाय खाणं," मावशी म्हणाली.

माझं काम नोंदी ठेवण्याचं होतं. दुपारच्या बातम्या फोनवर सांगून झाल्या की मी बाकावर वही घेऊन बसे. प्रत्येक धक्क्याची वेळ, कितव्या खांबाजवळ आणि कशाला लागून, एवढं लिहायचं. वीस वर्षं हेच करत आलो होतो, त्यामुळे अवघड काही नव्हतं.

पहिले तीन दिवस वाईट गेले. कुणाला लागलं नाही. स्पंज पायाला टेके आणि गाडी तिथेच थांबे. पण दर खेपेला ती कुठेतरी कुलूप लावून भोंगा वाजवत उभी राही. मावशी शेवटच्या वॉर्डातून निघून अर्धा व्हरांडा चालत येई, किल्ली फिरवी आणि परत जाई. ती पोहोचते न पोहोचते तोच दुसरा भोंगा. तिसऱ्या दिवशी ती माझ्या बाकावर बसली आणि गुडघे चोळत म्हणाली, "साहेब, पाणी उचलत व्हते तवाच बरी व्हते. आता हिच्यामागं पळायलेय." वर, बायकोला यातलं काही सांगू नका, अशी ताकीदही तिने मला दिली.

बायकोला स्विचचा संशय होता. असले स्विच दाबले की क्षणभर थरथरतात आणि एकच धक्का दोनदा तीनदा मोजला जातो. तिने चारही स्विच बदलले. मग गाडीला सांगितलं की एक धक्का मोजल्यावर अर्धा सेकंद काही मोजायचं नाही. फरक पडला नाही. घरच्या अंगणात गाडी तासन्‌तास चाले, मी पाय आडवा घातला की एकदाच मोजे आणि वळसा घेऊन जाई. दवाखान्यात नेली की तीन धक्के आणि भोंगा.

चौथ्या दिवशी आप्पा जाताना म्हणाले, उरलेले दिवस शब्द दिलाय म्हणून चालू द्या. मावशी ऐकण्याच्या अंतरावर होती.

त्या संध्याकाळी बायकोने माझी वही मागितली. पहिल्यांदाच ती पहिल्या पानापासून वाचत होती. थोड्या वेळाने तिने पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली. पहिला धक्का नेहमी पायाला होता. दुसरा तीन-चार सेकंदांनी, त्याच खांबाजवळ. तिसरा आणखी तितक्याच वेळाने. दुसऱ्या आणि तिसऱ्या धक्क्यापुढे मी कारण लिहिलं नव्हतं.

"चार सेकंदांनी स्विच थरथरत नाही," ती म्हणाली. "पहिला धक्का लागला की माणूस काय करतो?"

मी म्हणालो, काही नाही.

"काही नाही म्हणजे? बघत बसतो?"

"नमस्कार करतो," मी म्हणालो.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

त्यानंतर मी जे सांगितलं ते चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. जळकोटकडचा एक म्हातारा होता. गाडी त्याच्या पायाला टेकली. आपला पाय तिला लागला, आणि ती तर दवाखान्याची, पाणी नेणारी, म्हणून तो वाकला आणि पट्टीला हात लावून हात कपाळाकडे न्यायला लागला. त्याचा हात पट्टीला लागताच गाडी वीतभर मागे सरकली. नमस्कार अर्धाच राहिला. म्हणून तो गुडघ्यांवर पुढे सरकला आणि पुन्हा हात लावला. गाडीने कुलूप लावलं आणि भोंगा दिला. म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले. शेजारची बाई म्हणाली की रुसली जनू. त्याच्या आधी आणि नंतर, पाय लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हेच केलं होतं. वहीला, ताटाला, दुसऱ्या माणसाला पाय लागला तर हात आपोआप जातो. माझाही गेला असता. माझ्या नोंदीत ते नव्हतं, कारण ते घडतंय असं मला वाटलंच नव्हतं. अंगणात पाय आडवा घालताना मी तो मुद्दाम घालत होतो, म्हणून तिथे नमस्कार नव्हता.

बायको खूप वेळ हसली. मग म्हणाली की चूक गाडीची नाही, बनवणारीची आहे. चालताना लागलेला धक्का आणि उभं असताना लागलेला हात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिने गाडीला दोन्हींसाठी एकच नाव शिकवलं होतं.

दुरुस्ती एका सकाळीत झाली. चाकं फिरत असताना पट्टी दबली तर तो धक्का: थांबायचं, मागे यायचं, मोजायचं. चाकं थांबलेली असताना दबली तर तो स्पर्श. तेव्हा मागे सरकायचं नाही, मोजायचं नाही, आणि हात निघेपर्यंत जागचं हलायचं नाही. हात निघाल्यावर पाच सेकंद, मगच वाट. नवीन सामान काही लागलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळपर्यंत भोंगा वाजला नाही. मावशी दोनदा व्हरांड्यात येऊन गाडी जिवंत आहे ना ते बघून गेली. सहाव्या आणि सातव्या दिवशी माझ्या वहीत एक नवा रकाना आला, नमस्कार. पाय, थांबणं, नमस्कार, पाच सेकंद, पुढे. लोकांना आता गाडी नमस्कार घेते असं वाटे आणि ज्यांना धक्का लागला नव्हता तेही आत येताजाता तिला हात लावू लागले.

आठवा दिवस बाजाराचा होता. व्हरांडा भरून गेला होता. अकराला आप्पा आले, बाकावर बसले, चप्पल काढून पाय लांब केले आणि पेपर उघडला. नेमकं त्याच वेळी मला नांदेडहून फोन आला. मुंबईत जिल्ह्याचं जाहीर होतंय म्हणे, काही खबर आहे का. मी म्हणालो की बघून सांगतो, आणि जागेवरून उठलो नाही.

दुसऱ्या खेपेला तिसऱ्या खांबाजवळ भोंगा वाजला. आप्पांनी पेपर खाली केला. मुखेडकडची एक बाई आजारी मुलीशेजारी झोपली होती आणि तिचा पदर चाकात गेला होता. पट्टीला काहीच लागलं नव्हतं. मोटारीने जास्तीची वीज ओढली आणि गाडी पदर न ओढता थांबली होती. मावशीने येऊन चाक हाताने उलटं फिरवलं, पदर सोडवला, झटकला आणि उजेडाला धरून आप्पांच्या दिशेने दाखवला.

"फाटला न्हाई," ती म्हणाली. बाई झोपलेलीच होती.

आप्पांनी पेपर पुन्हा वर केला.

चौथी खेप त्यांच्या बाकापाशी आली तेव्हा मी घड्याळ पाहिलं, बारा वाजून पाच मिनिटं. स्पंज त्यांच्या अंगठ्याला टेकला. गाडी थांबली आणि वीतभर मागे आली. आप्पांची नजर पेपरातच होती. पण हात खाली गेला, पट्टीला लागला आणि कपाळाकडे गेला. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, पुन्हा वाकून हात पट्टीवर ठेवला आणि या वेळी तिथेच राहू दिला. डाळीचा नमुना तळहातावर घेऊन बघतात तसे ते गाडीकडे बघत होते. गाडी उभी होती. आप्पांनी हात काढला. पाच सेकंद गेले. गाडी भिंतीपासून थोडी बाहेर आली, त्यांच्या पायांना वळसा घालून परत भिंतीला लागली आणि चारही कॅन घेऊन वॉर्डाकडे निघाली.

"किल्ली कुणाकडं हाय हिची?" आप्पांनी विचारलं.

"माझ्याकडं हाय की," गाडी बघायला आलेल्या मावशीने पदराची गाठ दाखवली.

"ऱ्हाऊ दे मग तुझ्याकडंच."

मावशी जागची हलली नाही. तिने विचारलं, "आन् दुसरी बाई?"

"कशाला? एका गाडीला दोन मालकिनी झाल्यावर भांडणंच व्हतील की."

व्हरांडाभर हशा पिकला. बायको हौदाजवळ उभी होती. तिला तिथून काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून मी वही वर करून दाखवली आणि ती समजली. तिने दोन्ही हात कॅनच्या पाण्याने ओले केले आणि तोंडावर फिरवले.

त्या दिवशी जिल्हा झाला नाही. मी नांदेडला तसं कळवलं आणि गाडीची बातमी दिली. ती आतल्या पानावर टँकरच्या बातमीखाली चार ओळींत आली. नमस्काराचं डेस्कने काढून टाकलं होतं.

मावशी आप्पांसमोरून निघाली तेव्हा तिच्या हातांत काही नव्हतं. गाडी पुढे गेलेली होती, पण तिचा वेग कमी होता. सहाव्या खांबाशी मावशीने तिला गाठलं, मागे टाकलं आणि कुठेही न थांबता चालत राहिली. शेवटच्या वॉर्डात ती पाण्याच्या आधी पोहोचली, दारातल्या स्टुलावर बसली आणि आतल्या पेशंटना म्हणाली, "यायलंय पाणी."