सिमेंटचा उतार

हडपसरच्या पुढे आमच्या बाबांचं तळं आहे. मूळची दगडाची खाण. तीत पाणी साचलं, बाबांनी रोहू-कटला सोडले आणि रविवारी गळ टाकायला लोक येऊ लागले. दर हिवाळ्यात जलपर्णी ओढून काढायची आणि काठाचे ढासळलेले दगड पुन्हा रचायचे, ही बाबांची शिस्त. दगड नीट बसला नाही तर गड्याकडून तीनतीनदा काढून घ्यायचे. "घाई असेल तर स्वारगेटच्या एसटी स्टँडवर जाऊन उभे राहा, तिथे सगळ्यांनाच असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा गणपतीनंतर त्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. ते एक वेळ सोसलं असतं. पण ते उद्याबद्दल बोलायचेच थांबले. घराला रंग द्यायचाय म्हणा, नातीचा वाढदिवस आलाय म्हणा, उत्तर एकच: "तुम्हाला हवं ते करा." त्या वाक्याची मला झटक्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

म्हणून थंडी पडताच ऑफिसात रजा टाकली आणि तळ्याचं काम अंगावर घेतलं. चाकाची खुर्ची पाण्यापर्यंत जाईल असा उतार करायचा, खाली सपाट कट्टा. दोन गडी लावले. मी मूळचीच उतावळी, त्यात पायाला भिंगरी. जलपर्णी ओढता ओढता उतार मोजायला धावायचे, तो अर्धा टाकून बाभळीच्या फांद्या तोडायला.

"ताई, जरा बसा की," एक गडी म्हणाला. "तुमच्याकडं बघूनच आमाला धाप लागती."

तिथूनच बाबांना फोन लावला. उताराला नुसते दगड रचू, की सिमेंट ओतू? सिमेंट म्हटल्यावर ओरडतील, अशी खात्री होती. ओरडावं अशीच इच्छा होती.

"तुला हवं ते कर," बाबा म्हणाले.

दगड रचायला महिना लागला असता. मला महिनाभर धीर धरवेना. ओतलं सिमेंट.

आठ दिवसांनी बाबांना रिक्षातून आणलं. खुर्ची अलगद कट्ट्यावर नेली, गळाची काठी त्यांच्या डाव्या हातात दिली, गळ मीच टाकला. तास गेला, मासा काही लागेना. मी चहा ओतत होते, मफलर सारखा करत होते, पुन्हा चहा ओतत होते. बाबा पाण्याकडे नाही, उताराकडे बघत होते.

"हे कोणी केलं?"

"मी."

"नवं सिमेंट... चुना उतरतो पाण्यात. मासा इथे फिरकायचा नाही." शब्द अडखळत येत होते. "आणि पावसाळ्यात... शेवाळ धरेल. माणसं घसरतील."

तीन आठवडे उन्हात राबले होते मी. डोकं भडकलं. "मग तेव्हा का नाही सांगितलंत? फोन कशाला केला होता मी?"

त्यांनी डाव्या चपलेच्या टोकाने कट्ट्याची कड दोनदा टोकरून पाहिली.

"पुढच्या हिवाळ्यात फोडायचं हे," ते म्हणाले. "दगड मी निवडणार. तू मध्ये लुडबुड करायची नाहीस."

"फोडू, बाबा," मी म्हटलं. तीन आठवड्यांची मेहनत मातीत गेली होती, आणि मला आनंदाने रडू आवरेना.